गोवर आणि त्वचेचे मौन : उंदरांवरील प्रयोगांतून वैद्यांनी काय घ्यावे?

‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द 1906 साली वैद्यकाला देणारे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीच दोन वर्षांनी अ‍ॅलर्जी नाहीशी होण्याची एक विलक्षण नोंद करून ठेवली आहे. क्षयाच्या निदानासाठी त्यांनी ट्यूबरक्युलिनची त्वचाचाचणी प्रचारात आणली होती. ज्या मुलांच्या त्वचेवर ही चाचणी आधी स्पष्ट उमटत असे, त्यांनाच गोवर झाला की पुरळ उठण्याच्या सुमारास ती उमटेनाशी होई आणि काही काळाने पुन्हा उमटू लागे. क्षयाचे जंतू शरीरातून गेलेले नसत. शरीराने त्यांना उत्तर देणे तेवढे थांबवलेले असे. विषाणूच्या संसर्गाने प्रतिकारयंत्रणा दबते याचा हा पहिला शास्त्रीय पुरावा मानला जातो, आणि तो रक्तात नव्हे, तर त्वचेवर मिळाला.

या जुन्या नोंदीकडे आज पुन्हा वळण्याचे कारण व्यवहारातले आहे. ‘मुलाला गोवर येऊन गेला आणि त्याचा जुना इसब बरा झाला, अंगातली उष्णता बाहेर पडली’, असे सांगणारे पालक आमच्याप्रमाणे अनेक वैद्यबंधूंना भेटत असतील. त्यातून ‘मग लस कशाला? गोवर येऊन गेलेला बरा’ असा निष्कर्ष काढणारेही भेटतात. 2022 च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी परिसरात, गोवराची साथ आली आणि त्यात बालके दगावली. त्या पार्श्वभूमीवर हा निष्कर्ष केवळ चुकीचा नाही, तर घातक आहे. मात्र पालकांचे निरीक्षण खोटे आहे असे म्हणून त्यांना वाटेला लावणेही बरोबर नाही. निरीक्षण पुष्कळदा खरे असते. त्याचा अर्थ काय, हा प्रश्न आहे आणि त्याचे बरेचसे उत्तर उंदरांवरील प्रयोगांतून मिळाले आहे.

बिबा उततो म्हणजे काय होते?

प्रयोग समजण्यासाठी त्वचेच्या एका विशिष्ट प्रतिक्रियेची ओळख हवी आणि ती आपल्या औषधनिर्मात्यांना पाठ्यपुस्तकाशिवायच झालेली असते. भल्लातकाच्या शोधनाचे काम करणाऱ्या कामगाराला पहिल्या वेळी पुष्कळदा काही होत नाही. पुढे केव्हातरी तेलाचा थेंब लागतो, त्या दिवशीही विशेष काही दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी हात सुजून फोड येतात. बिबा उतला, असे आपण म्हणतो. बिब्ब्याच्या तेलाचा थेट दाहही होतो, पण अल्प स्पर्शाने, उशिरा आणि काही विशिष्ट माणसांनाच येणारे हे फोड अ‍ॅलर्जीचे असतात.

बिब्ब्याच्या तेलातील द्रव्यांचे रेणू फार लहान असतात. एवढ्या लहान रेणूची दखल प्रतिकारयंत्रणा स्वतंत्रपणे घेत नाही. पण तो त्वचेतील प्रथिनांना चिकटला की त्या प्रथिनांचे रूप परके होते. अशा लहान, चिकटू द्रव्यास ‘हॅप्टेन’ म्हणतात. त्वचेतील डेंड्रिटिक पेशी हे परके रूप उचलून जवळच्या लसीकाग्रंथीत नेतात आणि तेथील टी-पेशींना दाखवतात. त्यातून त्या द्रव्याला ओळखणारी टी-पेशींची एक फौज तयार होते. पहिला स्पर्श निमूटपणे निघून जातो तो याच कारणाने, कारण तेव्हा फौज तयार होत असते. पुढच्या स्पर्शाला ती धावून येते. तिला जमायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून सूज उशिरा येते. गेल आणि कूम्ब्स यांनी 1963 साली केलेल्या वर्गीकरणात ही चौथ्या प्रकारची, म्हणजे विलंबित, अतिसंवेदनशीलता होय. 1950 च्या दशकात पुण्याच्या परिसरात प्रथम नोंदल्या गेलेल्या गाजरगवताने शेतकऱ्यांच्या चेहऱ्या-मानेवर उठणारा त्वचारोग, कृत्रिम दागिन्यांतील निकेलचा किंवा केसांच्या कलपाचा त्रास ही याच जातीची उदाहरणे आहेत. ट्यूबरक्युलिनची चाचणीही याच प्रकारात मोडते.

शीतपित्त मात्र यात येत नाही. काही मिनिटांत उठणाऱ्या आणि काही तासांत जाणाऱ्या गांधी हा पहिल्या प्रकारचा मामला असून तेथे आयजीई प्रतिपिंडे आणि मास्ट पेशी यांचे काम असते. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे.

लिऑंमधील उंदीर

प्रयोगशाळेतील उंदरावर ही विलंबित प्रतिक्रिया सहज निर्माण करता येते. डायनायट्रोफ्लुओरोबेंझीनसारखे एखादे हॅप्टेन त्याच्या पोटाच्या भादरलेल्या त्वचेवर लावतात. काही दिवसांनी तेच द्रव्य अगदी थोडे, कानाच्या पाळीवर लावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कानाची जाडी सूक्ष्ममापकाने मोजतात. कान जितका जाड, तितकी प्रतिक्रिया तीव्र. मोजमाप इतके सोपे असल्याने जगभरातील असंख्य प्रयोग या कानावर झाले आहेत.

अडचण अशी की उंदराला गोवर होत नाही. गोवराचा विषाणू ज्या मानवी ग्राहकांना धरून पेशीत शिरतो, ते त्याला उपयोगी पडतील अशा रूपात उंदरात नसतात. सीडी-46 हा ग्राहक 1993 साली आणि सीडी-150 हा अधिक महत्त्वाचा ग्राहक 2000 साली ओळखला गेला. त्यानंतर हे मानवी ग्राहक धारण करणारे जनुकसंस्कारित उंदीर वापरून अभ्यास शक्य झाला.

फ्रान्समधील लिऑं येथे ब्रांका होर्वात आणि सहकाऱ्यांनी 2001 साली प्रसिद्ध केलेले काम आम्हांस या विषयाचा कणा वाटते. त्यांना आढळले की विषाणूची शरीरात वाढ झालीच पाहिजे असे नाही. त्याची काही प्रथिनेही उंदराची त्वचेवरील अतिसंवेदनशीलता दाबून टाकू शकतात. हे दोन वाटांनी घडते. विषाणूचे न्यूक्लिओप्रथिन डेंड्रिटिक पेशींवरील एफसी-गॅमा ग्राहकाला जाऊन चिकटते, ही एक वाट. विषाणूच्या आवरणावरील प्रथिने सीडी-46 ला धरतात, ही दुसरी. परिणाम दोन्हीकडे सारखा. डेंड्रिटिक पेशींचे काम बिघडते, टी-पेशींना चेतवणाऱ्या इंटरल्यूकिन-12 या द्रव्याची निर्मिती घटते आणि त्या विशिष्ट द्रव्याविरुद्धच्या टी-पेशींची संख्यावाढ थांबते. कान कमी सुजतो.

येथे क्षणभर थांबून लक्षात घ्यावे, की कानाला लावलेले द्रव्य तेच, त्याचे प्रमाण तेच. विषाणूचा आणि त्या द्रव्याचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. विषाणूने अ‍ॅलर्जीचे कारण काढून टाकलेले नाही किंवा त्वचेचा दोष दूर केलेला नाही. त्याने निरोप नेणाऱ्या दूताचे तोंड बांधले आहे. आणि हाच दूत क्षयाचा, न्यूमोनियाचा आणि इतर प्रत्येक आगंतु शत्रूचाही निरोप नेत असतो.

याच गटाने 2009 साली आणखी एक दुवा पुढे आणला. मानवी सीडी-150 धारण करणाऱ्या आणि प्रकार-एक इंटरफेरॉनचा ग्राहक नसलेल्या प्रौढ उंदरांना गोवराचा संसर्ग दिला असता त्यांची अतिसंवेदनशीलता मोठ्या प्रमाणात घटली आणि त्याबरोबर फॉक्सपी-3 हे लक्षण असलेल्या नियामक टी-पेशींचे प्रमाण वाढलेले आढळले. या नियामक पेशी प्रतिकारयंत्रणेला आवर घालतात. त्यांच्या शोधाला 2025 सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्ग झालेल्या पिलांत दिसलेली गोष्ट आणखी उद्बोधक आहे. गोवराविरुद्धचा प्रतिकार उत्तम तयार झाला. परंतु विषाणूशी संबंध नसलेल्या इतर प्रतिजनांना उत्तर देण्याची टी-पेशींची क्षमता मात्र जोरात दबली. गोवर एकदा झाला की पुन्हा सहसा होत नाही आणि तरीही गोवरानंतर मूल दुसऱ्याच संसर्गाने दगावते, हा जो विरोधाभास सगळ्यांना ठाऊक आहे, त्याचेच हे लहान रूप होय.

अर्थात, हे उंदीर कृत्रिमरीत्या घडवलेले आहेत. इंटरफेरॉनची वाट बंद केल्यावर दिसलेले सर्व काही जसेच्या तसे बालकाला लावता येणार नाही. पण पिर्के यांनी मुलांत पाहिलेले आणि लिऑंच्या उंदरांत मोजलेले एकाच दिशेला बोट दाखवतात.

माणसांत काय आढळते?

गोवरानंतर इसब सुधारल्याची वृत्ते वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. 1985 साली अ‍ॅटोपिक त्वचारोगाच्या चार रुग्णांचे असे वृत्त प्रसिद्ध झाले. 1993 साली जपानमधून आलेल्या वृत्तात तर अन्नाने वाढणारा इसब गोवरानंतर सुधारला आणि त्याच वेळी त्या अन्नप्रतिजनाला रक्तातील लिंफोसाइट पेशींचा प्रतिसादही घटला, असे नोंदले आहे. पालकांचे निरीक्षण आम्ही खोटे म्हणत नाही ते यामुळेच.

यापुढे जाऊन ‘गोवर झाल्यास अ‍ॅलर्जी कायमची टळते’ असा तर्क मांडला गेला. 1996 साली प्रसिद्ध झालेल्या, पश्चिम आफ्रिकेतील गिनी-बिसाऊ येथील अभ्यासात गोवर होऊन गेलेल्या 133 तरुणांपैकी 17 जणांची अ‍ॅलर्जीची त्वचाचाचणी सकारात्मक आली. लस घेतलेल्या व गोवर न झालेल्या 129 जणांत ही संख्या 33 होती. हे आकडे पुष्कळ गाजले. पण त्या काळी त्या देशात गोवराने अनेक बालके मरत. अभ्यासात आले ते जगलेले, ही गोष्ट त्या आकड्यांचा आधार घेणारे फारशी सांगत नाहीत. पुढे 2000 साली फिनलंडमधील सुमारे साडेपाच लाख बालके व तरुण यांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात चित्र उलटे निघाले. गोवर होऊन गेलेल्यांत इसब, नासास्राव आणि दमा यांचे प्रमाण कमी नव्हे, तर अधिक होते. तेव्हा गोवराने अ‍ॅलर्जीपासून कायमचे संरक्षण मिळते, या म्हणण्याला भक्कम आधार उरत नाही. तात्पुरते मौन मात्र खरे.

आणि त्या मौनाची किंमत किती, हे गेल्या दशकात स्पष्ट झाले. गोवराचा विषाणू सीडी-150 धारण करणाऱ्या स्मृतिपेशींनाच गाठतो आणि नष्ट करतो, हे 2012 साली माकडांवरील अभ्यासात दिसले. 2015 साली अनेक देशांच्या मृत्युनोंदींच्या विश्लेषणातून असे मांडले गेले, की गोवरानंतर इतर संसर्गांनी होणाऱ्या बालमृत्यूंचा धोका दोन ते तीन वर्षे वाढलेला राहतो. 2019 साली नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या 77 बालकांचे रक्त गोवरापूर्वी आणि गोवरानंतर तपासले असता, पूर्वीच्या संसर्गांविरुद्ध कमावलेल्या प्रतिपिंडांच्या भांडारापैकी 11 ते 73 टक्के नाहीसे झाल्याचे आढळले. लस घेतलेल्या बालकांत अशी हानी दिसली नाही. या घटनेला ‘प्रतिकारस्मृतिभ्रंश’ म्हणतात. इसब शांत झाला म्हणून समाधान मानणाऱ्या घरात त्याच वेळी काय हरवत असते, ते यावरून ध्यानात यावे.

दोषपाक की धातुपाक?

आधुनिक संज्ञांची आयुर्वेदीय संज्ञांशी घाईने जोडी लावण्याची जी रीत आपल्या परिषदांत पडली आहे, ती आम्हांस फारशी रुचत नाही. ‘टी-पेशी म्हणजे ओज’ असे म्हटल्याने टी-पेशीही कळत नाहीत आणि ओजही. तथापि, प्रस्तुत विषयात आपल्या शास्त्रातील एक भेद खरोखर उपयोगी पडतो. ज्वराच्या विचारात माधवनिदानाने दोषपाक आणि धातुपाक यांची लक्षणे निरनिराळी सांगितली आहेत. ज्वर आणि शरीर दोन्ही हलके होणे, इंद्रिये प्रसन्न होणे हा दोषपाक. अरुची, अरती, जडपणा, निद्रानाश, बलहानी हा धातुपाक. म्हणजे केवळ एखादे लक्षण ओसरले म्हणून रोग ओसरला असे आपले शास्त्र मानत नाही. लक्षण ओसरताना बल वाढले की घटले, हे पाहावयास ते सांगते.

रोमान्तिकेचे पुरळ ओसरत असताना ज्या बालकाचा जुना इसब दबलेला दिसतो, त्याच्याकडे या दृष्टीने पाहावे. मूल खेळते आहे का? भूक परतली का? वजन भरते आहे का? की त्वचा स्वच्छ आणि मूल मलूल, असा प्रकार आहे? दुसऱ्या प्रकारच्या बालकाची त्वचा बरी झालेली नसते. उत्तर देण्याचे बल क्षीण झाल्याने ती गप्प असते. व्याधिक्षमत्व केवळ रोगाशी झुंजण्यापुरते नसते. तीव्र प्रतिक्रिया देणाऱ्या शरीरातही ते असते, केवळ ते अयोग्य ठिकाणी खर्च होत असते. ते योग्य ठिकाणी वळवणे ही चिकित्सा. ते नाहीसे होणे हा नवा रोग.

सगळे विषाणू असे वागतात, असेही समजू नये. साध्या विषाणुज्वरात मुलांच्या अंगावर गांधी उठणे ही नित्याची गोष्ट आहे. सर्दीच्या ऱ्हायनोव्हायरसने दमा भडकतो. हर्पिस सिम्प्लेक्सचा विषाणू इसब असलेल्या त्वचेत शिरला, तर अल्पावधीत अंगभर एकसारखे, मध्ये खळगा असलेले फोड पसरतात व ज्वर येतो. हा आणीबाणीचा प्रसंग असून अशा रुग्णास लेप लावीत न बसता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. गोवरासंबंधी जे सांगितले, ते गोवरापुरतेच आणि मुख्यतः विलंबित प्रकारच्या प्रतिक्रियेपुरते आहे.

व्यवहारातील काही गोष्टी

गोवरानंतर चार ते सहा आठवडे मांटू चाचणी नकारात्मक आली तरी तिच्यावर विसंबू नये. ज्या घरात क्षयाचा रुग्ण आहे, तेथील बालकाला गोवर झाला असेल तर ही गोष्ट विशेष जपावी, कारण दबलेल्या चाचणीमागे क्षय वाढत असू शकतो. गोवराची लसही जिवंत पण क्षीण केलेल्या विषाणूची असल्याने ही चाचणी तात्पुरती दाबू शकते. म्हणून चाचणी लसीच्याच दिवशी करतात किंवा चार ते सहा आठवडे थांबतात. हे कारण लस टाळण्याचे नव्हे, केवळ दिवस निवडण्याचे आहे. शासकीय कार्यक्रमात गोवर-रुबेलाची पहिली मात्रा 9 ते 12 महिने आणि दुसरी 16 ते 24 महिने या वयात दिली जाते. आपल्याकडे सुवर्णप्राशनासाठी येणाऱ्या प्रत्येक बालकाचे लसीकरण-पत्रक आम्ही मागून पाहतो. वैद्याने विचारले की पालक लपवीत नाहीत, असा आमचा अनुभव आहे.

गोवर झालेल्या बालकास अ जीवनसत्त्वाच्या दोन मात्रा, लागोपाठच्या दोन दिवशी, मिळावयास हव्यात. सहा महिन्यांखाली 50 हजार, सहा ते अकरा महिन्यांत 1 लाख आणि त्यापुढे 2 लाख एकक असे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेने दिले आहे. बालकास आरोग्य केंद्राकडे पाठवून नोंद व मात्रा दोन्ही करून घ्याव्यात. धाप, सुस्ती, कानातून स्राव किंवा अन्नपाणी नाकारणे दिसल्यास घरी उपचार करीत बसू नये. पुढचे काही महिने पथ्य, दीपन-पाचन आणि बृंहण यांना आपल्याकडे पुष्कळ वाव आहे, आणि हा काळ इसब परतण्याचाही असतो. ‘हा परत येऊ शकतो’ असे आधीच सांगून ठेवलेल्या पालकांचा विश्वास टिकतो. दबलेल्या त्वचेचे श्रेय आपल्या काढ्याला घेतलेल्या वैद्याला पुढे उत्तर देणे जड जाते.

औषधनिर्मात्या बंधूंसाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगावीशी वाटते. एखाद्या कल्पाच्या माहितीपत्रकावर ‘उंदरांवरील प्रयोगात कानाची सूज लक्षणीय घटली, म्हणून अ‍ॅलर्जीनाशक’ असे छापलेले आपण नेहमी पाहतो. लिऑंच्या प्रयोगशाळेत गोवराच्या प्रथिनांनीही ती प्रतिक्रिया घटवली होती. कानाची सूज कमी झाली, एवढ्यावरून कल्पाने दाह शमवला की उंदराची प्रतिकारयंत्रणाच मूक केली, हे कळत नाही. दोन्हींत मापकावरचा आकडा एकच दिसतो. म्हणून असा प्रयोग करवून घेताना त्याच उंदरांत लसीला प्रतिपिंडांचा प्रतिसाद नीट येतो का, टी-पेशींची संख्यावाढ शाबूत आहे का, उंदराचे वजन टिकते का, या गोष्टीही मोजून मागाव्यात. खर्च वाढेल. पण ‘अ‍ॅलर्जीनाशक’ आणि ‘रोगप्रतिकारशक्तिवर्धक’ हे दोन्ही शब्द एकाच वेष्टनावर छापणाऱ्याने निदान आपला कल्प यांपैकी काय करतो, हे तपासून घेतलेले असावे.

कारखान्यातही याचा एक छोटा उपयोग आहे. नवा लेप, तेल किंवा उटणे बाजारात आणण्यापूर्वी काही स्वयंसेवकांच्या पाठीवर पट्टी लावून चाचणी घेतात. गोवर किंवा अन्य तीव्र ज्वरातून नुकत्याच उठलेल्या, अथवा स्टिरॉइड घेत असलेल्या व्यक्तीस त्या यादीत घेऊ नये. तिची त्वचा ‘काही त्रास नाही’ असे सांगेल, पण त्या सांगण्यावर भरवसा ठेवता येणार नाही. भल्लातकाच्या विभागातील जो कामगार पूर्वी उतत असे आणि आजारपणानंतर ‘आता मला काही होत नाही’ म्हणतो, त्याचे हातमोजे काढून घेऊ नयेत.